कानाखाली

"जवाई दोन वाजता येतो म्हनते. बॅग भरून ठेव," फोन टेबलावर ठेवत रेवारामने आतल्या दिशेने आवाज दिला.

रीना दारात येऊन उभी राहिली. चार दिवसांपूर्वी ती गोरेगावहून एसटीने आली, तेव्हा तिचा डावा गाल वांग्याच्या रंगाचा होता. आता तो कडेने पिवळा पडत चालला होता आणि मधे तीन बोटांचे वळ वेगळे मोजता येत होते.

"मी नाई जात."

"कायले नाई जात?"

"तुमाले दिसत नाई का, बाबा?"

"दिसते. बरा होऊन रायला. एक थापड मारली नवऱ्यानं, त मानूस घर सोडून येते का? जास्त बोलली त आता मीच कानाखाली आवाज काढीन."

हे वाक्य रेवारामच्या तोंडात बसलेले होते. वीज गेली की वीजमंडळाच्या माणसाबद्दल, चुकीचा पार्ट आला की दुकानदाराबद्दल, पायात कुत्रे आले की कुत्र्याबद्दल तो हेच म्हणायचा. बहुतेक वेळा ते नुसतेच म्हणायचा. पण त्याचा हात सुटतो हे अर्जुनीत सगळ्यांना ठाऊक होते. सख्ख्या भावाचा पुढचा दात त्यानेच पाडला होता. स्पीकरचा फाटलेला कागद फेविकॉलने चिकटवून आणणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्याने दुकानाच्या पायरीवरून खाली ढकलले होते, आणि तो पडल्यावर त्याचा स्पीकरही त्याच्या अंगावर फेकला होता.

रीना आत गेली. रेवाराम पुन्हा कामाकडे वळला. टेबलावर रायपूरहून पार्सलने आलेला पन्नास वर्षांपूर्वीचा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उलटा पडला होता. त्याने डावा हात पाठीमागे नेला, पायजम्याच्या नाडीत अडकवला आणि फक्त उजव्या हाताने तपासणी सुरू केली. आत साडेतीनशे व्होल्ट असतात. दोन्ही हात घातले आणि चुकून दोन्हीकडे लागले, तर विजेची वाट छातीतून जाते. एकच हात असेल तर झटका बसतो, माणूस उरतो. चाळीस वर्षांत त्याने हा नियम एकदाही मोडला नव्हता. प्लग काढल्यावरही तो लगेच हात घालत नसे. वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर आधी रेझिस्टर लावून रिकामा करी, आणि रिकामा केल्यावरही त्याच्या दोन टोकांना तार बांधून ठेवी, कारण रिकामा झालेला कपॅसिटर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा थोडा भरतो. जिथे आपल्याला लागू शकते, तिथे रेवाराम कमालीचा जपून हात घालत असे.

त्याची सुरुवात दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांच्या लाऊडस्पीकरपासून झाली होती. मग रेडिओ, मग टेपरेकॉर्डर. ते सगळे मेल्यावर काही वर्षे त्याने मिक्सर आणि मोबाइलचे चार्जर दुरुस्त केले. आणि मग, जग उलटे फिरावे तसे, मोठ्या शहरांतल्या लोकांना आजोबांच्या वेळचे रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा हवेसे झाले. कोणीतरी रेवारामचा व्हिडिओ काढला. तेव्हापासून नागपूर, रायपूर, पुण्याहून पार्सले येऊ लागली. यंत्र न उघडता, नुसत्या घरघरीवरून तो रोग सांगायचा. घरघर सेकंदाला पन्नास कंपनांची असली तर व्हॉल्व्हच्या तापत्या तारेची, शंभरची असली तर वीज गाळणाऱ्या कपॅसिटरची. शौकीन फोनवरून विचारत, "रेवारामजी, आवाजात थोडी ऊब कमी वाटते." तो म्हणे, "ऊब पायजे त चुलीजवर बसा ना. आवाज कसा हाये ते सांगा." तेही लोकांना आवडे.

त्याचा स्वतःचा संच मधल्या खोलीत होता. अ‍ॅम्प्लिफायर त्याने एकेक टाका घालून स्वतः जोडलेला, रेकॉर्ड प्लेअर जुना, पण पट्ट्यापासून सुईपर्यंत नवा केलेला. स्पीकरची कमरेएवढी दोन खोकी उदाराम सुताराने सागवानाची करून दिली होती. जमिनीवर ऑइलपेंटच्या तीन खुणा होत्या. दोन खोक्यांच्या, एक खुर्चीची. तिन्हींमधले अंतर सारखे. त्या खुर्चीत बसले की गाणारी बाई दोन खोक्यांच्या बरोबर मधे, भिंतीच्या थोडी पुढे उभी राहते. हात लांबवला तर लागेल अशी. खुर्ची वीतभर सरकली तरी बाई एका बाजूला पळते. म्हणून खुर्ची कोणी सरकवायची नाही. तिच्यात रेवाराम बसे, आणि रविवारी थोडा वेळ त्याचा जुना मित्र बकाराम.

त्याची बायको दुर्पता कधी तिथे बसली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, उजवा खांदा खोलीकडे करून तांदूळ निवडत बसायची. रेवाराम तिला एक हाक मारायचा, मग दुसरी, मग ओरडायचा. "हिचं लक्षच नसते," तो सगळ्यांना सांगे. "आवाजाच्या घरात रायते, पन कान नाई बाईले."

अकरा वाजता बकाराम आला. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. तरुणपणी दोघांनी मिळून मंडयांमधून लाऊडस्पीकर बांधले होते, त्यामुळे रेवारामला तोंडावर बोलायची मुभा गावात त्याला एकट्याला होती.

"काय गा रेवा, जवाई येऊन रायले म्हने?"

"येते दोन वाजता. पोरगी नाटक करून रायली."

बकारामने आत पाहिले. रीना ओट्याशी उभी होती. त्याने चप्पल काढायला जरा जास्तच वेळ लावला.

"नाटकातला रंग रात्री धुतला की जाते, बा. हा काही गेला नाई चार दिवस."

"एक थापड बे, बकाराम. एकच. पोरगी स्वतः सांगते, एकच मारली. आपून नाई मारली का? मीच जवायाले फोनवर सांगतलं, आमच्याही घरी झालं, घर मोडलं का? एका थापडीनं काय होते?"

आत तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

मधल्या खोलीत जाऊन रेवारामने रेकॉर्ड फडक्याने पुसली, सुई टेकवली. सारंगी आणि तबल्याची जुनी रेकॉर्ड होती. सारंगी डावीकडे, तबला उजवीकडे. बकाराम खुर्चीत टेकणार, तेवढ्यात दुर्पता पदराला हात पुसत बाहेर आली आणि खुर्चीत बसली.

बकाराम अर्धा वाकलेला तसाच उभा राहिला. "या वैनी. आज तिकीट न काढताच गाडीत?"

"तुमी तो खेळ करता ना, पाहुन्यांसंगं," ती नवऱ्याला म्हणाली. "डोळे झाकायचे आन कोनत्या बाजूनं वाजते ते सांगायचं. आज माहा घ्या."

"तुहा?" रेवाराम हसला. "तुले समजते का त्यातलं?"

"घ्या त खरं."

खेळ साधा होता. अ‍ॅम्प्लिफायरवर तोल साधायचे एक बटण होते. ते पूर्ण डावीकडे फिरवले की फक्त डावा स्पीकर वाजतो, उजवीकडे फिरवले की फक्त उजवा. डोळे मिटून बसलेल्या माणसाने बोट दाखवायचे. पाच वर्षांच्या पोरालाही जमते. बाजू कळण्यासाठी माणसाला शिकावे लागत नाही. एका कानात आवाज आधी आणि जास्त पोचतो, दुसऱ्यात उशिरा आणि कमी. डोके तेवढ्या फरकावरून जागा काढते.

दुर्पताने डोळे मिटले. रेवारामने बटण डावीकडे फिरवले. तिने उजवीकडे बोट दाखवले.

"चुकली. डावा होता."

त्याने पुन्हा डावाच लावला. बोट उजवीकडे गेले. मग उजवा लावला. बोट उजवीकडेच.

"वैनीचा कारभार एकतर्फी हाये," बकाराम म्हणाला. "आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरसारखा. तो बी एकाच बाजूले वळवे."

रेवारामला हसू आले नाही. आपल्या संचाशी कोणी खेळलेले त्याला चालत नसे. "मस्करी करून रायली का व? नीट सांग." त्याने डाव्या स्पीकरचा आवाज इतका वाढवला की खोक्यावरची पितळी वाटी थरथरायला लागली. दुर्पताच्या कपाळावर आठी आली. ती खरोखर प्रयत्न करत होती. मग हळूच बोट उचलून तिने उजवीकडे दाखवले.

"मले सगडं तिकूनच येते," ती म्हणाली. "हा कान नाई मले."

रेवारामने आवाज कमी केला. त्याच्या हातांना काय करायचे ते आधी सुचले. त्याने स्पीकर बंद केले, खुंटीवरचा जुना जाडजूड हेडफोन काढून जोडला, तिच्या डोक्यावर चढवला, दोन्ही गाद्या कानांवर नीट बसवल्या आणि बटण पूर्ण डावीकडे फिरवले. डाव्या गादीतून सारंगीचा बारीक, पत्र्यासारखा आवाज बाहेर झिरपत होता. हातभर अंतरावर त्याला तो ऐकू येत होता. बकारामला येत होता. दारात उभ्या रीनालाही येत असावा, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

दुर्पता वाट पाहत बसली होती.

"लावा ना," ती म्हणाली.

बकाराम जमिनीकडे पाहू लागला. रेवारामने हेडफोन काढून घेतला. "कवापासून?"

"दसऱ्यापासून."

कोणता दसरा, हे त्याला विचारावे लागले नाही. सतरा वर्षे झाली होती. दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, वखर, त्याची पक्कड आणि पाने हे सगळे दुर्पताने धुऊन पाटावर मांडले होते. मग तिला वाटले, सगळ्यात मोठे हत्यार तर मधल्या खोलीत आहे, त्यावरच घर चालते. तिने अ‍ॅम्प्लिफायरवर झेंडूचे फूल ठेवले. रेकॉर्ड प्लेअरला कुंकू लावले. सुई हेही हत्यारच, म्हणून ओल्या पदराने सुई पुसली. केसाएवढी ती सुई पदराच्या धाग्यात अडकून मोडली. तसली दुसरी यायला तीन महिने लागणार होते. रेवाराम बाहेरून आला, त्याने पाहिले, आणि तिला एक दिली. एकच. ती पाटावरच्या विळ्या-कुऱ्हाडींवर पडली होती.

आणि त्यानंतरचेही त्याला आठवले. त्यानंतरच्या दिवसांची आठवण तर तो आजवर अभिमानाने काढत आला होता. चार दिवसांनी तिचा कान वाहू लागला. सर्दी झाली असेल म्हणून त्याने स्वतः, हो, स्वतः, मोहाच्या बियांचे टोरीचे तेल चमच्यात कोमट केले, तिचे डोके मांडीवर घेतले आणि सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब कानात सोडले. अकरा दिवस. बायकोची अशी सेवा कोण करतो, असे त्याने बकारामलाही सांगितले होते.

"रीनाच्या चष्म्यासाठी गोंदियाले गेली होती, तेथं दाखवला," दुर्पता सांगत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मीठ संपले हे सांगताना असतो तसा. "डॉक्टर म्हने, मार लागून पडदा फाटला होता. तसं रायलं असतं त भरून आलं असतं म्हने. फाटक्यातून तेल आत गेलं, आन आतलं सगडं सडलं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

तिने जरा विचार केला. "पयले भेव वाटे. मंग सवय झाली."

सुई रेकॉर्डच्या शेवटच्या चरात जाऊन अडकली होती आणि दर फेरीला टक् करत होती. कोणी ती उचलली नाही.

"एका थापडीनं काय होते, म्हनत होते ना तुमी?" दुर्पता खुर्चीतून उठली. "हे होते. पोरगी नाई जानार."

जावई ओमेश दीडलाच आला. मोटारसायकल दारात लावून त्याने गॉगल डोक्यावर चढवला, हातातला पेढ्यांचा डबा रीनाच्या हातात देऊ पाहिला, तिने घेतला नाही, तेव्हा टेबलावर ठेवला आणि रेवारामच्या पाया पडला. गोरेगावला त्याचे गॅरेज होते. देखणा आणि गोड बोलणारा होता. लग्नात सगळे म्हणाले होते, पोरीने नशीब काढले.

"मामाजी, गाडी गरम हो गयी. दहा मिनिटं थंडी होऊ देतो, मंग निंगतो." तो इकडेतिकडे पाहू लागला. "सगडे असे काऊन बसले हाये? कोनी गेलं का?"

"बसा," रेवाराम म्हणाला.

"रीना येत नाई," दुर्पता म्हणाली.

ओमेश हसला. "मामीजी, मी समजावतो तिले."

"काय समजावशीन?" रीना म्हणाली. ती आईच्या मागे उभी होती. "त्या दिवशी समजावलं तसं?"

"बस झालं आता. चार दिवस माहेरपन झालं, चाल."

"नाई येत."

"अरे यार." त्याचे हसू तसेच राहिले, पण डोळे बदलले. हा बदल रेवारामने आरशात कधी पाहिला नव्हता, तरी तो त्याच्या ओळखीचा होता. "मामाजी, तुमीच सांगा आता. तुमीच त फोनवर बोल्ले, तुमच्या घरी पन झालं. मामीजीनं घर सोडलं का?"

रेवाराम गप्प राहिला. ओमेशने ते उत्तर धरले. दोन पावलांत त्याने दुर्पताला खांद्याने बाजूला सारले, रीनाची वेणी मनगटाला गुंडाळली आणि दाराकडे ओढली. रीना चौकटीला धरून राहिली. त्याने तिची बोटे एकेक करून सोडवायला सुरुवात केली. तिसरे बोट मागे वाकवले तेव्हा ती किंचाळली.

रेवारामचा हात सुटला.

तो जेव्हा मारायचा तेव्हा विचार करून मारत नसे, आणि आजही त्याने केला नाही. तळवा पूर्ण उघडा, खांद्यापासून आलेला. आवाज असा झाला की बाहेरच्या तारेवरची कबुतरे उडाली. ओमेश डाव्या स्पीकरवर कोसळला. सागवानाचे खोके भिंतीवर आपटून पुढे आले आणि त्याच्या पायावर आदळले. त्याने शिवी दिली, उठला, हाताला लागले ते उचलले. ते रेकॉर्ड प्लेअरचे झाकण होते. ते रेवारामच्या भुवईवर बसले. रक्त डोळ्यात उतरले. बकारामने ओमेशला मागून मिठी मारली, तर ओमेशचे कोपर त्याच्या तोंडावर आले आणि म्हातारा तोंड धरून खाली बसला. ओमेशने अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही हातांनी उपसला, तारांसकट, आणि जमिनीवर आपटला. तापलेले व्हॉल्व्ह एकामागून एक फुटले.

मग रेवाराम त्याच्या छातीवर होता. त्याने गुडघा रोवला आणि उजव्या हाताने मारत राहिला. गालावर, कानावर, मानेवर. ओमेशचा गॉगल त्याच्याच डोक्याखाली तुटला. "माह्या पोरीले! माह्या पोरीले!" प्रत्येक वेळी तो तेवढेच म्हणत होता. अ‍ॅम्प्लिफायरमधून निखळलेला ट्रान्सफॉर्मर शेजारी पडला होता. तीन किलो लोखंड आणि तांबे, त्याने स्वतःच्या हाताने गुंडाळलेले. त्याने तो उचलून डोक्यावर नेला.

दुर्पताने मागून त्याचे मनगट धरले.

तिच्या हातात फार जोर नव्हता. पण तिने कधी त्याचा हात धरला नव्हता, म्हणून तो थांबला.

"ठेवा ते."

"सोड! तुह्यासाठीच मारून रायलो मी!"

"माह्यासाठी नोको." तिला धाप लागली होती. "माह्यासाठी तुमी कोनाले मारू नोका. कवाच नोका. ठेवा ते खाली."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. भुवईतले रक्त पापणीवर साचल्याने ती त्याला नीट दिसेना. त्याने ट्रान्सफॉर्मर खाली ठेवला. ती म्हणाली, "उठा त्याच्यावरून," आणि तो उठला.

दुर्पता ओमेशजवळ उकिडवी बसली. रीना "माय, नोको जाऊ तेथं," म्हणाली, पण तिने ऐकले नाही, किंवा ऐकूनही लक्ष दिले नाही. ओमेशच्या नाकातून रक्त येत होते आणि तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. तिने त्याची मान उजवीकडे वळवली, डावा कान वर घेतला, तळव्याने उजवा कान झाकला आणि वरच्या कानाजवळ चिमटीने टिचकी वाजवली.

"इकून आयकू येते का?"

तो नाक पुसत राहिला.

"सांग रे. येते का?" तिने पुन्हा टिचकी वाजवली. मग थोडी लांब नेऊन वाजवली. "आता?"

"सिटी वाजून रायली," तो म्हणाला.

"सिटीच्या मागं माही टिचकी येते का?"

त्याने डोळे मिटले. "थोडी येते."

"मंग हाये अजून कान." तिने त्याला हाताला धरून बसते केले. "आजच गोंदियाले जा, कानाच्या डॉक्टरकडे. उद्या नोको. पानी जाऊ देऊ नोको आत. आन कोनी कितीही मायेनं सांगो, तेल टाकू देऊ नोको. समजलं?"

ओमेश भिंतीला धरून उठला. दारात जाऊन तो थांबला, कारण आता काहीतरी बोलायला हवे असे त्याला वाटले असावे. "मी पोलिसात जातो. सगड्याइले आत टाकतो."

"जा," दुर्पता म्हणाली. "आमीबी तेथंच येऊन रायलो."

मोटारसायकल दोनतीन लाथांनी सुरू झाली. आवाज स्टेशनच्या रस्त्याने लांब गेला. रेवारामने सवयीने कान लावला. एक्झॉस्ट गळत होता.

खोलीत काच पसरली होती. बकाराम ओठाला रुमाल लावून एका हाताने तुकडे गोळा करू लागला. "रेवा, ह्या खोक्याचा कागद फाटला गा," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. रेवारामने पाहिले. डाव्या स्पीकरचा काळा कागदी शंकू मधून उभा चिरला होता. असा कागद त्याने शेकडो वेळा सांधला होता. पातळ टिश्यू, पातळ डिंक, एक दिवस वाळू द्यायचे. कागद सांधता येतो. रेवाराम खुर्चीत बसला. खुर्ची खुणेवरून हलली होती.

आतून हंड्यात तांब्या बुडल्याचा आवाज आला. रीना तोंड धूत होती. दुर्पता लुगडे बदलून आली. तिने रीनाच्या गालावरचे केस मागे केले, गाल उजेडाकडे वळवून पाहिला, आणि केस पुन्हा गालावर येऊ नयेत म्हणून पिन लावली.

"कोठं निंगाल्या?" रेवारामने विचारले, जरी त्याला माहीत होते.

"ठान्यात. मंग दवाखान्यात, बोट दाखवाले."

"मी येतो."

"या. भुवई धुऊन या, मंग."

"मी काय सांगू तेथं?" हा प्रश्न त्याने तिला आयुष्यात पहिल्यांदाच विचारला होता. "काय केलं म्हनू?"

"जे केलं ते."

"आज केलं ते?"

दुर्पता चप्पल शोधत होती. तिचे उत्तर यायला इतका वेळ लागला की तिला ऐकूच गेले नाही असे त्याला वाटले, आणि आपण तिच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. तो उजवीकडेच होता.

"दोन्ही," ती म्हणाली.

त्या बाहेर पडल्या. रेवाराम दारापर्यंत आला. तळवा अजून चुरचुरत होता, तो त्याने शर्टाला पुसला. चुरचुर गेली नाही. रस्त्यावर धानाने भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते आणि त्या दोघी कडेकडेने जात होत्या. रीना काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून. दुर्पता मान पूर्ण तिच्याकडे वळवून, तिच्या ओठांकडे पाहत चालली होती. त्यामुळे तिला समोरचे दिसत नव्हते, आणि एकदा ती खड्ड्यात अडखळली.

रीना बोलायची थांबली. तिथेच उभी राहिली. मग आईच्या मागून वळसा घालून ती तिच्या उजव्या बाजूला आली, आणि पुन्हा बोलू लागली.